पुढचीला ठेच, मागची शहाणी

 कुणी स्वयंपाक करता करता ऐकत असेल, कुणी गोठ्यात, कुणी शेताच्या बांधावर. हातातलं काम चालू द्या, कान मात्र इकडं असू द्या. आज आपल्या हातांविषयीच बोलायचं आहे.

घरात, गोठ्यात, रानात काम करताना आपल्या हातून चुका होतात. बोट कापतं, पाय घसरतो, मोटारीचा झटका बसतो. मग घरचे काय म्हणतात? "डोकं कुठं ठेवलं होतंस?" "एवढंही कळत नाही का?" "येडीच आहेस." हे ऐकलं की बाई पुढच्या वेळी सांगतच नाही. बोटाला चिंधी बांधते आणि म्हणते, विळा लागला. झटका बसला तर हात झटकते आणि गप्प बसते. आणि आठ दिवसांनी तेच शेजारणीला होतं, नाहीतर तिच्याच सुनेला होतं.

आपल्याकडं म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पण जरा विचार करा. पुढची ठेचकाळली आणि तोंडातून आवाजही काढला नाही, तर मागची शहाणी होणार कशी? तिलाही त्याच दगडाची ठेच लागणार. म्हणून माझं आजचं सांगणं एवढंच आहे: जे थोडक्यात निभावलं, ते झाकू नका. गटात सांगा. आणि दुसरी सांगत असेल तेव्हा तिला हसू नका.

आता तीन ठिकाणं घेऊ. गोठा, फवारणी आणि वीज.

पहिला गोठा. आता बऱ्याच गावांत कडबा कुट्टीचं यंत्र आलं आहे. कुणी कर्ज काढून घेतलं, कुणी गटातून घेतलं. चांगली गोष्ट आहे. चारा वाया जात नाही, विळीवर बसून पाठ मोडत नाही. पण हे यंत्र चालतं कसं, ते नीट समजून घेऊ. पुढं दोन दातेरी रोलर असतात. ते चारा धरतात आणि आत ओढतात. त्याच्या पुढं मोठ्या जड चाकावर पाती बसवलेली असतात, ती चारा कापतात. म्हणजे हात आधी पात्याला लागत नाही. आधी रोलर हात धरतो. आणि एकदा त्यानं कडबा धरला, की त्या कडब्यात अडकलेली बोटं, बांगडी, पदर, काहीही असो, तो आतच ओढतो. त्याला कडबा आणि हात यातला फरक कळत नाही.

मग हात तिथपर्यंत जातो कसा? बहुतेक वेळा पेंढीच्या शेवटाला. पेंढी संपत आली, मूठभर तुकडे राहिले, ते आत जाईनात. आपण म्हणतो, एवढं ढकलते आणि झालं. तिथंच घात होतो. म्हणून शेवटची मूठ हातानं ढकलायची नाही. तिच्यामागं दुसरी पेंढी लावा, ती पहिलीला आत नेईल. दुसरी पेंढी नसेल तर ती मूठ तशीच जनावरापुढं टाका. म्हैस अख्खा कडबा खाऊ शकते. मूठभर कडबा वाचवायला बोटं घालवायची नाहीत.

दुसरी वेळ म्हणजे कडबा अडकतो तेव्हाची. ओला चारा असला, गवताची मुळं नाहीतर माती आली, की यंत्र अडतं. बऱ्याच यंत्रांना उलटं फिरवायचा दांडा असतो. तुमच्या यंत्राला आहे का, ते आज बघा आणि तो वापरायला शिका. तो नसेल तर बटण बंद करा आणि पिनही काढा. बटण बंद केल्यावरही ते जड चाक थोडा वेळ फिरतच राहतं. आवाज थांबला म्हणजे चाक थांबलं असं नाही. डोळ्यांनी बघा. चाक पूर्ण थांबलं की मगच काठीनं कडबा ओढा.

पिन काढायची, हे मी मुद्दाम सांगते. आपल्याकडं वीज जाते. यंत्र चालू असतानाच वीज गेली, यंत्र थांबलं. बाईला वाटलं, आता काय, वीजच नाही. तिनं आत हात घातला. बटण चालूच राहिलं होतं. तेवढ्यात वीज आली. आता हिला मूर्ख म्हणायचं का? थांबलेलं यंत्र बघून कुणालाही तसंच वाटेल. म्हणून नियम डोक्यात ठेवण्याऐवजी हातात ठेवा. पिन काढून आपल्यासमोर, डोळ्यांना दिसेल अशी ठेवायची. जोवर पिन समोर आहे, तोवर यंत्र सुरू होणार नाही.

कपड्यांचं पण सांगते. ओढणी, सुटा पदर, मोकळी वेणी, सैल गाऊन, हातभर बांगड्या, यातलं काहीही यंत्राजवळ नको. पदर खोचून घ्या, केसांचा अंबाडा बांधा. वरून शर्ट घालत असाल तर बाह्या कोपराच्या वर घट्ट दुमडा. आणि एक गोष्ट उलटी वाटेल, पण लक्षात ठेवा. कुट्टीवर हातमोजे घालायचे नाहीत. मोजा रोलरमध्ये अडकतो आणि हातालाही घेऊन जातो.

आणि लेकरं. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी हरियाणाच्या गावांत फिरले होते. शेतीकामात कुणाला काय लागतं, कशामुळं लागतं, याची त्यांनी नोंद केली. चारा कापायच्या यंत्रावर लहान मुलांचे हात जातात, असं त्यांना दिसलं. पोरं खेळता खेळता यंत्राचं चाक फिरवतात. त्यावर त्यांनी "पोरांवर लक्ष ठेवा" एवढं सांगून विषय संपवला नाही. त्यांनी यंत्रातच बदल सुचवले. चाकाला कुलूप हवं, पात्यावर झाकण हवं, आणि रोलरच्या आधी आणखी एक रोलर हवा, की ज्याला हात लागताच माणूस सावध होईल. आपल्यालाही यातलं एक काम आज संध्याकाळीच करता येईल. काम झालं की चाकाच्या आरीतून साखळी घालून कुलूप लावा. किल्ली उंचावर ठेवा.

मळणी यंत्राचंही तसंच झालं. त्यावर इतक्या जणांचे हात गेले, की १९८३ साली आपल्या देशात धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदा करावा लागला. मळणी यंत्रात पीक घालायचं तोंड लांब हवं आणि त्याचा आतला भाग वरून झाकलेला हवा, म्हणजे हात आतल्या ड्रमपर्यंत पोचणारच नाही. हे ठरलं कशामुळं? हात गेले ते लोकांनी सांगितलं आणि कुणीतरी ते मोजलं म्हणून. प्रत्येकानं "माझीच चूक" म्हणून हात पदराखाली लपवला असता, तर तोंड आखूडच राहिलं असतं. तेव्हा मळणीला भाड्यानं यंत्र येईल, तेव्हा आधी त्याचं तोंड बघा. ते आखूड असेल, झाकण काढून टाकलेलं असेल, तर मालकाला सांगा, "दादा, झाकण लावा, मग पेंढ्या देऊ." आपण पैसे देतो. आपल्याला बोलायचा हक्क आहे.

एवढं करूनही कधी बोट तुटलंच, तर काय करायचं? जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर उचलून ठेवा. हळद, कॉफी, चुना, माती, काही लावू नका. तुटलेलं बोट सापडलं तर ते ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवायचं नाही, नाहीतर ते खराब होतं. आणि १०८ ला फोन करा. लवकर पोचलं तर काही वेळा बोट जोडता येतं.

आता दुसरं, फवारणी. फवारणी गडीमाणसं करतात, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण पाणी कोण आणून देतं? औषध कालवायला कोण मदत करतं? फवारलेल्या कपाशीत दुसऱ्या दिवशी खुरपायला कोण जातं? आणि ते भिजलेले कपडे कोण धुतं? आपणच.

२०१७ साल आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात गेले. तेव्हाही लोक म्हणाले, की यांनी काळजी घेतली नाही, तोंडाला काही बांधलं नाही. पण त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. माणूस त्या पिकात शिरून फवारतो तेव्हा औषध त्याच्या तोंडावर, छातीवर येतं. वरून ऊन, उकाडा, घामानं भिजलेलं अंग. दोन-तीन औषधं एकत्र कालवलेली. नुसतं "काळजी घेतली नाही" म्हटलं की ह्यातलं काहीच दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते सुधारणार कसं?

म्हणून आपल्या हातात आहे ते सांगते. औषध हातानं कालवायचं नाही, लांब काठी घ्या. त्यासाठी एक बादली वेगळी ठेवा, तिला रंगाचा पट्टा मारा आणि ती घरात आणायचीच नाही. नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकायचं नाही, बारीक तार किंवा जुना दात घासायचा ब्रश पंपालाच बांधून ठेवा. वाऱ्याच्या विरुद्ध फवारायचं नाही. हात साबणानं धुतल्याशिवाय तंबाखू नाही, भाकरी नाही. आणि उरलेलं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरायचं नाही. तहानलेलं लेकरू बाटली बघतं, आतलं काय ते त्याला कळत नाही. औषध मूळ डब्यातच राहू द्या, कडीकुलपात.

डब्यावर चौकोनात रंगाचा त्रिकोण असतो. लिहिता-वाचता येत नसलं तरी रंग ओळखता येतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल. त्याच्या खालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे प्यायला चालतं असं मुळीच नाही. ते सुद्धा विषच आहे.

फवारणीचे कपडे घरातल्या धुण्यात टाकू नका. वेगळे भिजवा, वेगळे धुवा, हातात रबरी मोजे घाला. घरात कुणाला फवारणीनंतर मळमळ, उलटी, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढं अंधारी, श्वासाला त्रास, असं काही झालं, तर "ऊन लागलं असेल" म्हणून निजवू नका. कपडे बदला, अंग साबणानं धुवा, आणि लगेच दवाखान्यात न्या. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. औषधाचा डबा पिशवीत घालून सोबत न्या. काय फवारलं ते डॉक्टरांना कळलं तर उपचार लवकर सुरू होतो.

तिसरं, वीज. शेतावर रात्रपाळीची वीज आली की कधी कधी आपल्यालाच मोटार सुरू करायला जावं लागतं. ओले पाय, अंधार, पत्र्याची स्टार्टर पेटी. पेटीपाशी एक लाकडी फळी ठेवा. तिच्यावर कोरड्या चपला घालून उभं राहायचं आणि कोरड्या हातानं बटण दाबायचं. पेटीचा पत्रा उघडा पडला असेल, वायरीचं तोंड बाहेर दिसत असेल, तर ते कोरड्या हातानंही धरू नका. वायरमनला सांगा. आणि पेटीला ऑटो स्विच बसवला असेल तर जास्तच जपा. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. वीज गेलेली बघून कुणी मोटारीला, पट्ट्याला हात लावला आणि तेवढ्यात वीज आली, तर कुट्टीसारखंच होतं. काम करायच्या आधी मेन स्विच खाली पाडायचा, मगच हात लावायचा.

घरापाशी तर याहून साधी गोष्ट असते. कपडे वाळत घालायची तार. लोखंडी तार, एक टोक पत्र्याच्या शेडला आणि दुसरं विजेच्या खांबाला. कुठंतरी वायर घासते, पत्र्यात वीज उतरते, पत्र्यातून तारेत येते. बाई ओलं धुणं घेऊन जाते आणि तारेला चिकटते. तिला सोडवायला दुसरी धावते, ती पण चिकटते. एका घरात अशी दोन-दोन माणसं गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचायला मिळतात. मैत्रिणींनो, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे एक काम करा. लोखंडी तार काढा आणि नायलॉनची दोरी बांधा. विजेच्या खांबाला काहीच बांधू नका, धुणंही नाही आणि जनावरही नाही.

कुणी विजेला चिकटलं तर त्याला हात लावायचा नाही. आधी मेन स्विच पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या चपला घालून, कोरड्या लाकडानं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं वायर बाजूला लोटा. हे घरातल्या विजेपुरतं. बाहेरची मोठी तार तुटून पडली असेल तर जवळच जायचं नाही, काठीही लावायची नाही. लोकांना लांब ठेवा आणि महावितरणला १९१२ वर फोन करा.

आता मूळ मुद्द्यावर येते. एवढं सगळं मी सांगितलं, पण तुमच्या गोठ्यात, तुमच्या रानात नेमका कुठं दगड आहे, ते मला कसं कळणार? ते तुम्हालाच माहीत. म्हणून पुढच्या गटाच्या बैठकीत एक करून बघा. हिशेब झाला, बचत जमा झाली, की दहा मिनिटं बाजूला काढा. अध्यक्षताईंनी एवढंच विचारायचं: "या महिन्यात कुणाचं काय थोडक्यात निभावलं?" पहिल्या वेळी कुणीच बोलणार नाही. मग एखाद्या वडीलधाऱ्या काकूंनी सुरुवात करावी. त्या बोलल्या की बाकीच्यांना धीर येईल.

तेव्हा तीन पथ्यं पाळायची. पहिलं, हसायचं नाही आणि बाहेर जाऊन कुणाचं नाव सांगायचं नाही. सासूबाई आणि सूनबाई एकाच गटात असतील तर हे जास्तच जपायचं. दुसरं, "तू असं कसं केलंस?" असं विचारायचं नाही. "हे कसं झालं?" असं विचारायचं. दोन्ही प्रश्न सारखे वाटतात, पण पहिल्याला बाई गप्प होते आणि दुसऱ्याला बोलती होते. तिसरं, बोलणं झालं की एक बदल ठरवून उठायचं. एकच, पण पैशाला झेपेल असा.

उदाहरण घेऊ. समजा एक ताई म्हणाली, काल शिडीवरून पडता पडता वाचले. कसं झालं विचारलं, तर कळलं, की माळ्यावरचा कांदा काढताना शिडी शेणानं सारवलेल्या जमिनीवर सरकली. नेहमी मुलगा शिडी धरतो, काल तो शाळेत होता, आणि व्यापारी दारात उभा होता. आता बघा, हिच्यात वेडेपणा कुठं आहे? घाई होती, धरायला माणूस नव्हता, जमीन गुळगुळीत होती. घाई तर उद्याही असणार. मग उपाय काय? शिडीच्या पायांना जुन्या टायरचे तुकडे ठोकायचे आणि वरचं टोक दोरीनं आढ्याला बांधायचं. खर्च जवळजवळ काही नाही. आणि त्या दिवशी एका शिडीऐवजी गटातल्या दहा घरांच्या शिड्यांना टायर लागेल.

यंत्र गटाच्या मालकीचं असेल तर आणखी एक करा. त्या यंत्राजवळ एक पाटी लावा. चारच ओळी: पदर खोचा. शेवटची मूठ ढकलू नका. पिन काढा. कुलूप लावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मुलांकडून चित्रं काढून घ्या.

आणि शेवटचं, अपघात झालाच तर तो झाकण्यात पैशाचंही नुकसान आहे. राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. ती खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका माणसासाठी आहे. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी घरच्या बाईचा विचार होतो. वय १० ते ७५ वर्षांच्या आत हवं. अपघाती मृत्यू झाला, किंवा दोन डोळे, दोन हात किंवा दोन पाय गेले, तर दोन लाख रुपये. एक डोळा, एक हात किंवा एक पाय गेला तर एक लाख. विजेचा धक्का, औषध हाताळताना विषबाधा, साप चावणं, उंचावरून पडणं, हे सगळं त्यात येतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं करायचा, आणि तो तीस दिवसांच्या आत. आता ज्या बाईनं दवाखान्यात खरं कारण सांगितलंच नाही, जिच्या कागदावर "पडून लागलं" एवढंच लिहिलं आहे, ती कशी मागणार? म्हणून डॉक्टरांना पहिल्यांदाच खरं सांगा. कुट्टीत गेलं तर कुट्टीत गेलं म्हणा. लाज वाटायचं काही कारण नाही.

तर मैत्रिणींनो, कामं दोन. आज सूर्य मावळायच्या आत कपड्यांची तार बघायची आणि कुट्टीला कुलूप लावायचं. आणि पुढच्या बैठकीत तो प्रश्न विचारायचा. काय काय ऐकायला मिळालं, ते आपल्या केंद्रावर कळवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. तुमच्या गटातल्या एकीची ठेच दुसऱ्या गावातल्या कितीतरी जणींना शहाणी करून जाईल.

हात सांभाळा. नमस्कार.